आई-बाबांसोबत समुद्रकाठी निवांत आठवडा: लॅन्डिडनो निवडा, आणि तिथेच राहा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आई-बाबा सत्तरीतले, जूनच्या शेवटी पुण्याहून येताहेत, सोबत चार वर्षांचा मुलगा, घर लंडनमध्ये, गाडी नाही. सात दिवस समुद्रकाठी शांतपणे काढायचे आहेत. तुमच्या यादीत कॉर्नवॉल, व्हिटबी आणि ब्रायटन आहे, आणि जमलं तर दोन-दोन दिवस वाटून घ्यायचे आहेत.

वाटून घेऊ नका. दर दोन दिवसांनी बॅगा भरायच्या, सकाळी दहाला खोली सोडायची, दुपारी तीनला दुसरी मिळायची, मधले पाच तास सामानासकट बाहेर. त्यात निवांतपणा उरत नाही. जागाही बदला. लंडनहून कॉर्नवॉलमधलं पेन्झन्स रेल्वेने पाच तासांच्या वर आणि तिथल्याच सेंट आइव्हजच्या गल्ल्या चढ-उताराच्या. व्हिटबी सुंदर आहे, पण जुनं चर्च आणि ॲबी, म्हणजे जुना मठ, 199 पायऱ्या चढून. ब्रायटन एका दिवसाचं गाव, गर्दीचं.

वेल्सच्या उत्तर किनाऱ्यावरचं लॅन्डिडनो तुमच्यासाठी बेतल्यासारखं आहे. दोन टेकड्यांच्या मधल्या सपाट पट्टीवर गाव वसलंय. एका बाजूला नॉर्थ शोर, दुसऱ्या बाजूला वेस्ट शोर, मधलं अंतर रमतगमत वीस-पंचवीस मिनिटांचं, चढ नावालाही नाही. नॉर्थ शोरचा रुंद प्रोमेनाड, म्हणजे समुद्रकाठचा फिरायचा रस्ता, सुमारे तीन किलोमीटर, बसायला बाकं आणि पाऊस आला तर आडोसे. टोकाला 1877 साली उघडलेला 700 मीटरचा लाकडी फळ्यांचा पिअर, म्हणजे समुद्रात शिरलेला फिरायचा धक्का, वेल्समधला सर्वांत लांब. आजी-आजोबांचं रोजचं फिरणं इथेच होऊन जाईल.

रेल्वे युस्टनहून. थेट गाडी मिळाली तर लॅन्डिडनो जंक्शनपर्यंत तीन तासांच्या आसपास, नाहीतर क्रू किंवा चेस्टरला बदल. बदलाला किमान वीस मिनिटं मिळतील अशीच गाडी घ्या. जंक्शनहून गावात छोटी शाखा लाइन जाते. ती लगेच नसेल तर तिथूनच टॅक्सी करा. ॲडव्हान्स तिकिटं साधारण दोन-तीन महिने आधी खुली होतात आणि स्वस्तातली आधी संपतात. आई-बाबांसाठी सीनियर रेलकार्ड, म्हणजे ज्येष्ठांचं रेल्वे सवलत कार्ड, काढा. साठीच्या पुढच्या कुणालाही मिळतं, ब्रिटनचं नागरिकत्व लागत नाही, स्टेशनच्या तिकीट खिडकीवर पासपोर्ट दाखवून होतं. भाड्यात एक तृतीयांश सूट, म्हणजे दोघांचा खर्च बहुधा या एकाच फेरीत वसूल. वेल्समधला ज्येष्ठांचा मोफत बसपास मात्र तिथल्या रहिवाशांनाच, त्यामुळे बसचे पैसे धरून चाला.

राहायच्या जागेबद्दल बुकिंग करण्याआधी फोन करून तीन गोष्टी विचारा. प्रोमेनाडवरची बरीच हॉटेलं व्हिक्टोरियन काळातली, त्यामुळे दारातच चार-पाच पायऱ्या असू शकतात. लिफ्ट आहे का, आणि ती तुमच्या मजल्यापर्यंत जाते का? तिसरी सर्वांत महत्त्वाची: शॉवर सपाट जमिनीवरचा आहे की बाथटबमध्ये चढून उभं राहायचंय? ओल्या टबची कड ओलांडताना म्हाताऱ्या माणसांचा तोल जातो. फोटोत टब दिसत असेल तर ती जागा सोडा.

घरी स्वयंपाक करायचा असेल तर सेल्फ-केटरिंग फ्लॅट घ्या. हे बहुतेक शुक्रवार ते शुक्रवार किंवा शनिवार ते शनिवार मिळतात. शेगडी इंडक्शन असेल तर तुमचा ॲल्युमिनियमचा कुकर तापणार नाही, लोहचुंबक चिकटतो अशा बुडाचाच न्या. फोडणी देताना आधी खिडकी उघडा आणि वरचा पंखा लावा. मोहरी तडतडली की स्मोक अलार्म वाजायला लागतो, आणि काही इमारतींत तो सगळ्या मजल्यांवर वाजतो. जाड पडदे आहेत का तेही विचारा. जूनच्या शेवटी पहाटे पाचच्या आत उजाडतं, सूर्य मावळतो पावणेदहाच्या सुमारास, आणि लहान मूल त्या उजेडात झोपत नाही.

आता समुद्र. इथे उधाणाच्या वेळी भरती-ओहोटीच्या पातळीत सात मीटरच्या आसपास फरक पडतो, म्हणजे कोकणापेक्षा बराच जास्त. दिवस घड्याळापेक्षा या हिशोबाने आखा. कोकणातल्या माणसाला तिथी पाहून उधाण कधी आणि भांगाची, म्हणजे छोटी, भरती कधी ते कळतं, तेच इथे चालतं. अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवस या किनाऱ्यावर भरती दुपारी बाराच्या आगेमागे येते, म्हणजे वाळू सकाळी लवकर आणि संध्याकाळी सहानंतर. अष्टमीनंतरच्या एक-दोन दिवसांत उलट, ऐन दुपारी ओहोटी. भरतीची वेळ रोज साधारण पाऊण ते एक तास पुढे सरकते. छापील कोष्टक ग्रीनिच वेळेत असू शकतं, तसं असेल तर उन्हाळ्यात त्यात एक तास मिळवा. हा एक तास विसरला की वाळूच्या जागी पाणी भेटतं.

नॉर्थ शोरवर गोटे जास्त, त्यामुळे तिथे चालणं आणि बसणं. किल्ले करायला वेस्ट शोर. पण ओहोटीला तिथली वाळू खूप दूरपर्यंत उघडी पडते आणि पाणी परत येताना आधी तुमच्या मागच्या खोलगट भागात भरतं. समोर कोरडं दिसत असतानाच वाट तुटलेली असते. म्हणून भिंतीजवळच्या पट्ट्यात खेळा, दूरच्या पाण्याकडे चालत जाऊ नका. अडचण आलीच तर 999 लावून कोस्टगार्ड मागा. पाणी जूनमध्ये चांगलंच गार असतं. मुलाला घोट्यापर्यंत पुरे, आणि बाबांनी एकदम डुबकी मारू नये. गार पाण्याच्या धक्क्याने श्वास अडकतो.

वेस्ट शोरला वारा थेट येतो, त्यामुळे कापडी विंडब्रेक हवाच. लाकडी हातोडीसकट घ्या. पहिली काठी वाऱ्याच्या बाजूला, वीत-दीड वीत वाळूत, वाऱ्याकडे किंचित झुकवून ठोका. मग कापड ताणत बाकीच्या काठ्या अर्धवर्तुळात लावा, फुगवटा वाऱ्याकडे आणि उघडी बाजू तुमच्याकडे. सरळ रेषेत लावलं तर कापड शिडासारखं भरतं आणि पहिल्या झोताला आडवं होतं. कोरड्या भुसभुशीत वाळूत काठी धरत नाही, थोडी ओलसर जागा शोधा. छत्री नेऊच नका, उलटी होते. दुपारी 16 ते 19 अंश धरून चाला: पातळ कपड्यांचे थर, वर वारा अडवणारं जाकीट, आईसाठी कान झाकणारी टोपी. वाऱ्यामुळे ऊन जाणवत नाही पण भाजतं, तेव्हा सनस्क्रीन लावा.

खाण्यात एक खबरदारी. फिश अँड चिप्सची काही दुकानं अजून गाईच्या चरबीत तळतात, आणि वनस्पती तेल असलं तरी बटाटे माशाच्याच कढईत पडलेले असू शकतात. शाकाहारी असाल तर दोन्ही विचारा. चिप्स उघड्यावर खाताना पाठ भिंतीला लावून बसा. सीगल मागून झडप घालतात आणि मुलाच्या हातातलं नेतात.

सहली दिवसाआड ठेवा. गावाच्या दोन टेकड्यांपैकी ग्रेट ऑर्मवर जायला 1902 पासूनची दोराने ओढली जाणारी ट्राम आहे. मध्यावर ती बदलावी लागते, पण त्यात त्रास नाही. माथा 207 मीटर उंच आणि ढगात बुडतो, म्हणून वार ठरवू नका. पहिली स्वच्छ सकाळ दिसली की निघा. केबल कार वाऱ्यात बंद राहते, तिच्या भरवशावर बेत नको. वर काश्मिरी शेळ्यांचा रानटी कळप चरतो, 2020 च्या लॉकडाऊनमध्ये गावात उतरला होता तोच. त्यांची मूळ जात काश्मीरची, आई-बाबांना मौज वाटेल.

शेजारच्या कॉनवी गावचा किल्ला बसने अर्ध्या तासाच्या आत. बांधकाम 1283 मध्ये सुरू झालं, 1986 पासून जागतिक वारसा. बुरुजातले गोल जिने अरुंद आणि झिजलेले, ते तुम्ही चढा. आई-बाबांना खालच्या धक्क्यावर बसवा, तो सपाट आहे आणि ब्रिटनमधलं सर्वांत छोटं घर तिथेच आहे. पावसाच्या दिवसासाठी कॉनवी खोऱ्यातली रेल्वे राखून ठेवा: बेतूस-अ-कोइड गावापर्यंत नदीच्या काठाकाठाने, खिडकीतून सगळं दिसतं. गाड्या दिवसात मोजक्याच, त्यामुळे परतीची वेळ आधी लिहून घ्या. उरलेले दिवस खरोखर रिकामे सोडा.

आई-बाबांचा प्रवासी विमा आणि औषधांच्या चिठ्ठीची प्रत सोबत असू द्या. परतीचं तिकीट मात्र रविवारचं नको: रुळांची कामं बहुधा रविवारी काढतात आणि मधला टप्पा बसने करावा लागतो, सामान आणि लहान मुलासकट.