वाटेवरची सर्वांत अवघड दहा पावले

गावाच्या आसपास फिरायला जाण्यासाठी चार-पाच वाटा निवडून त्यांची ‘सोपी’, ‘मध्यम’ आणि ‘कठीण’ अशी विभागणी करावयाची आहे, आणि चालणाऱ्यांत लहान मुलांपासून ऐंशीच्या घरातील मंडळींपर्यंत, चाकाची खुर्ची वापरणाऱ्यांपासून दृष्टिहीनांपर्यंत सगळेच असतील, तेव्हा ही विभागणी कोणत्या निकषावर करावी, असे आपण विचारले आहे. असे काम मी बरीच वर्षे करीत आलो आहे, म्हणून माझे मत आधीच स्पष्ट सांगतो: हे तीन गट करूच नयेत. प्रत्येक वाटेची मोजमापे आणि तिच्यावरील सर्वांत अवघड जागा लिहून द्यावी, आणि ती आपल्याला झेपेल की नाही हे चालणाऱ्याला ठरवू द्यावे.

हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. कालव्याच्या काठाने जाणाऱ्या एका वाटेला मी बिनदिक्कत ‘सोपी’ म्हटले होते, कारण ती रुंद होती आणि तिला चढ म्हणावा असा कुठेच नव्हता. त्या एका शब्दावर विसंबून वॉकर घेऊन चालणाऱ्या एक वृद्ध बाई आपल्या मुलीबरोबर दोन किलोमीटर चालत गेल्या, आणि पुढे शेताला पाणी नेणारा सिमेंटचा नळ वाटेत आडवा आला. तो जमिनीपासून जेमतेम वीतभर वर होता. मी त्या वाटेने कितीतरी वेळा गेलो होतो, पण दर वेळी पाय आपोआप उचलला जात असल्यामुळे तो नळ माझ्या लक्षातच आला नव्हता. त्यांना मात्र तिथून मागे फिरावे लागले, आणि दोन किलोमीटरची फेरी चार किलोमीटरची झाली. तेव्हापासून वाटेची पाहणी करताना मी बरोबर एक रिकामी हातगाडी ढकलत नेतो. चाकाला जे अडते ते कागदावर उतरते. डोळ्यांच्या भरवशावर राहिलो तर निम्मे सुटते.

हा विचार काही माझ्या एकट्याचा नाही. अमेरिकेत संघीय जमिनीवरील पायवाटांसाठी 2013 मध्ये जे सुगम्यतेचे निकष ठरले, त्यांत वाटेच्या सुरुवातीच्या फलकावर लांबी, पृष्ठभागाचा प्रकार, नेहमीची आणि कमीत कमी रुंदी, तसेच नेहमीचा आणि जास्तीत जास्त उतार लिहावा, असे म्हटले आहे. ‘नेहमीचा’ आणि ‘जास्तीत जास्त’ हे दोन्ही आकडे मागितलेले आहेत, आणि सारे मर्म त्यातच आहे, कारण सरासरी काढली की ती एक वाईट जागा त्यात बेमालूम लपते. इंग्लंडमधील लेक डिस्ट्रिक्ट राष्ट्रीय उद्यानाने कुंपण ओलांडण्यासाठीच्या पायऱ्या नसलेल्या वाटांची जी मालिका केली आहे, तिचे गट ‘सर्वांसाठी’, ‘अनेकांसाठी’ आणि ‘काहींसाठी’ असे आहेत. गट करायचेच असतील तर हे शब्द मला अधिक प्रामाणिक वाटतात, कारण त्यांत वाट कोणाला जमेल याविषयी बोलले आहे.

आता मोजमापांकडे वळू. रुंदी सोपी आहे: चाकाच्या खुर्चीला किमान 90 सेंटीमीटर मोकळी जागा लागते, दोन खुर्च्यांना एकमेकींच्या बाजूने जाण्यास सुमारे 1.8 मीटर लागतात, आणि जागेवरच वळायचे तर दीड मीटर व्यासाचे वर्तुळ मोकळे हवे. फाटक उघडायला माणूस जिथे थांबतो, तिथे ही वळण्याची जागा आहे का, हे अवश्य पाहावे. फाटक रुंद असूनही त्यापुढे उभे राहण्याची जागाच तिरकी असते, असे वारंवार आढळते.

चढाच्या बाबतीत अंदाजावर मुळीच विसंबू नये. एक मीटर लांबीची सरळ पट्टी घ्यावी, ती वाटेच्या दिशेने जमिनीवर ठेवावी, तिच्यावर हवेचा लहान बुडबुडा राहील इतकी पाण्याने भरलेली बाटली आडवी ठेवावी आणि बाटलीतील बुडबुडा मधोमध येईपर्यंत पट्टीचे खालचे टोक वर उचलावे. आता ते टोक जमिनीपासून 5 सेंटीमीटर वर असेल तर चढ एकास वीस आहे, 8 सेंटीमीटरच्या किंचित वर असेल तर एकास बारा, आणि 10 असेल तर एकास दहा. एकास वीसपर्यंतचा चढ कितीही लांब असला तरी चालतो, असे मघाच्या अमेरिकी निकषांत धरले आहे. त्यापुढे एकास बारापर्यंतचा चढ एका दमात सुमारे 60 मीटर, एकास दहापर्यंतचा 9 मीटर आणि एकास आठपर्यंतचा जेमतेम 3 मीटर चालतो, व प्रत्येक टप्प्यानंतर विसाव्यासाठी सपाट जागा लागते.

हीच पट्टी वाटेला आडवी ठेवूनही मोजावे, कारण आडवा उतार बहुतेक पाहणी करणाऱ्यांच्या नजरेतून सुटतो. टेकडीच्या कडेने जाणारी वाट दरीकडे कललेली असते; धडधाकट माणूस ते नकळत सांभाळून घेतो, पण खुर्ची सतत खालच्या बाजूला ओढली जाते, ढकलणाऱ्याचा एक हात भरून येतो, आणि ज्याच्या एका पायात जोर कमी आहे त्याला प्रत्येक पावलाला तोल सावरावा लागतो. कच्च्या वाटेवर मीटरमागे 5 सेंटीमीटर ही याची मर्यादा मानावी.

पृष्ठभागाविषयी लिहिताना ‘कच्ची वाट’ एवढेच लिहून थांबू नये. दाबून बसलेला मुरूम कोरडा असताना जवळजवळ डांबरी रस्त्याइतका चांगला असतो, तर सुटी खडी आणि वाळू यांत खुर्चीची पुढची लहान चाके रुततात. पाणंदीच्या वाटेवर खोल चाकोऱ्या असतील तर त्यांच्यामधील अंतर मोजावे: ते खुर्चीच्या चाकांच्या अंतराशी सहसा जुळत नाही, म्हणून एक चाक चाकोरीत आणि दुसरे मधल्या उंचवट्यावर राहते. चाकोरीत चालणे आपण निमूटपणाचे लक्षण मानतो, पण चाके असलेल्या माणसाला ती चाकोरी खरोखरच दमवते.

दृष्टिहीनांच्या बाबतीत पायाखालच्या अडथळ्यांपेक्षा डोक्याजवळचे अडथळे जास्त घातक ठरतात. पांढऱ्या काठीला जमिनीवरचा दगड लागतो, पण छातीच्या उंचीवर वाटेत आलेली काटेरी फांदी लागत नाही. त्यामुळे सुमारे 2.1 मीटर उंचीपर्यंत वाट मोकळी हवी, आणि पाऊस सरल्यावर झुडपे वाढतात तेव्हा ती पुन्हा तपासायला हवी. ज्यांना ऐकू कमी येते त्यांच्यासाठी, वाटेचा कोणता भाग वाहनांच्या अरुंद रस्त्यावरून जातो, एवढे लिहिले तरी पुरते.

वेळेसाठी बहुतेक जण नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाचा 1892 मधील नियम वापरतात: दर 5 किलोमीटरला एक तास आणि दर 600 मीटर चढाईला आणखी एक तास. या हिशेबाने 150 मीटर चढाईच्या सहा किलोमीटर वाटेला सुमारे दीड तास लागतो. मात्र हा नियम सराव असलेल्या माणसाचा आहे, त्यात विसावा धरलेला नाही आणि उतरण्याचा वेगळा हिशेबही नाही. मिश्र गटासाठी मी ताशी अडीच ते तीन किलोमीटर धरतो. तीव्र उतार वेळ वाचवतो हाही भ्रमच आहे. उतरताना मांडीच्या स्नायूंना ताणले जात असतानाच शरीराचा भार पेलावा लागतो, आणि गुडघे दुखणारी माणसे चढावर कुरकुरत नाहीत तितकी उतारावर थांबतात. म्हणून चढाईइतकीच उतराईही मीटरमध्ये लिहावी.

वाटांच्या रचनेबाबत एक आग्रह धरतो. सगळ्यांना गोल फेरी हवी असते, कारण त्याच वाटेने परतणे कंटाळवाणे वाटते. परंतु गोल फेरीचा अर्धा टप्पा ओलांडला की दमलेल्या माणसाला पुढे गेल्याशिवाय गत्यंतर नसते. त्यापेक्षा एक सपाट, रुंद मूळ वाट ठरवावी, जिच्यावरून कोणीही वाटेल तिथून मागे फिरू शकेल, आणि चपळ मंडळींसाठी तिला टेकडीवर जाऊन पुन्हा तिथेच मिळणाऱ्या फांद्या काढाव्यात. त्यामुळे एकाच घरातील आजोबा आणि नात एकत्र निघतात, मध्ये तासभर वेगळे होतात आणि ठरलेल्या बाकाजवळ पुन्हा भेटतात. तो बाक पाठीचा आणि हातांचा असावा, म्हणजे उठताना आधार मिळतो, आणि त्याच्या शेजारी खुर्ची उभी करण्याइतकी सपाट जागा ठेवावी.

खासगी जमिनीतून जाणाऱ्या वाटेसाठी मालकाची संमती आधी घ्यावी, हे वेगळे सांगायला नको.

नोंद कशी असावी याचा नमुना देतो: ‘जाऊन-येऊन 3.2 किलोमीटर. पहिला दीड किलोमीटर दाबलेला मुरूम, रुंदी 2 मीटर, शेवटच्या टोकाजवळ 1.1 मीटर. नेहमीचा चढ एकास तीस. 900 मीटरवर ओढ्याच्या पुलाआधी 7 मीटर लांब चढ एकास दहा. पुलाच्या तोंडाशी 4 सेंटीमीटरची उभी कड. बाक 400 आणि 1,100 मीटरवर. पावसानंतर दोन दिवस पुलापुढे चिखल. कोरड्या दिवसांत हातगाडी घेऊन तपासले.’ याच्या खाली पाहणीची तारीख न विसरता लिहावी, आणि वर्षातून दोनदा, एकदा पावसाळा संपल्यावर आणि एकदा ऐन कोरड्या दिवसांत, तीच हातगाडी घेऊन पुन्हा जावे.