घरी केलेल्या गिटार ॲम्पच्या पेटीवर रेक्झिन कसे चढवावे?

तुम्ही लिहिले आहे की फोंड्यात राहता, 18 मिमी प्लायची एका बारा इंची स्पीकरची पेटी मेस्ताकडून, म्हणजे सुताराकडून, करून घेतली आहे, चवथीच्या कार्यक्रमाआधी तिच्यावर काळे रेक्झिन चढवायचे आहे आणि कोपऱ्यांवर चुण्या पडतील ही भीती आहे. कोपऱ्यांचे खाली सांगतो, ते जमण्यासारखे आहे. मला खरी काळजी तुमच्या तारखेची वाटते.

मी डिचोलीत अशा पेट्या करतो, जुन्यांची डागडुजीही करतो. दुरुस्तीला येणाऱ्या पेट्यांत रेक्झिन सुटलेल्या पुष्कळ असतात, आणि विचारले की बहुतेकांचे काम पावसाळ्यात झालेले निघते. जुलै-ऑगस्टात आपल्याकडे आर्द्रता सहज 85 टक्क्यांच्या वर जाते. रबराच्या गोंदातले सॉल्व्हंट उडताना पृष्ठभाग थंड पडतो आणि हवेतले पाणी त्या ओल्या थरावर बसते. गोंद पांढुरका दिसू लागतो. तेव्हा चिकटल्यासारखे वाटते, पण उन्हाळा आला की फुगे येतात. शिवाय प्लायनेही दमटपणा प्यायलेला असतो, तो आतच कोंडला जातो.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे: चवथीला पेटी कोरीच वाजवा. आतून काळा रंग मारून घ्या, बाहेरून काहीही लावू नका, त्या दिवशी समोरची जाळी मोकळी ठेवून वरून काळे कापड टाका. ऐकणाऱ्यांना फरक कळणार नाही. दसऱ्यानंतर कडक ऊन पडले की रेक्झिनचे काम काढा. थांबणे शक्यच नसेल तर एसीच्या बंद खोलीत पेटी आणि रेक्झिन दोन दिवस ठेवा आणि गोंदाचे कामही तिथेच, एसी चालू ठेवून करा. त्या वासात सतत बसू नका, अधूनमधून खोली मोकळी करा.

आता माल. दुकानात रेक्झिन म्हणून दोन गोष्टी मिळतात, पीव्हीसी आणि पीयू (पॉलियुरेथेन). पीयू हाताला मऊ, चामड्यासारखे लागते, महागही असते, आणि दुकानदार तेच पुढे करतो. घेऊ नका. दमट हवेत त्याचे जलविघटन होते, म्हणजे ओलाव्याने ते आतून तुटत जाते, आणि काही वर्षांत पापुद्रे निघतात. ऑफिसातल्या खुर्च्यांचे हात सोललेले तुम्ही पाहिले असतील. पीव्हीसी घ्या, पण उलट बाजूला कापड असलेले. पीव्हीसी मऊ ठेवण्यासाठी त्यात जे तेलकट द्रव्य घालतात ते हळूहळू बाहेर झिरपते आणि रबराचा गोंद ढिला करते. मध्ये कापड असले की गोंद त्याच्या धाग्यांना धरतो. गिटार ॲम्प बनवणाऱ्या फेंडर कंपनीने 1960 च्या सुमारास ट्वीडचे कापड सोडून जे टोलेक्स धरले, तेही कापडावर चढवलेले व्हिनाइलच, म्हणजे पीव्हीसी. स्कूटरच्या सीटचे जाड रेक्झिन कोपऱ्यात गठ्ठा करते, म्हणून एक मिमीच्या आतले बघा. दाणेदार पोत असेल तर बारीकसारीक खोट झाकली जाते. पन्हा बहुधा 54 इंच असतो. तुमची पेटी साधारण 50 × 45 × 28 सेंमी धरली तर चारही बाजूंचा फेर 190 सेंमी होतो आणि दोन्हीकडची दुमड धरून पट्टी 40 सेंमी रुंद लागते. दोन मीटरमध्ये मागची फळीसुद्धा निघेल.

पत्र्याचे कॉर्नर लावणार असाल तर ते आधी विकत आणा आणि त्यांच्या गोलाईप्रमाणे ट्रिमरने (लाकडाच्या कडा कापायच्या विजेच्या यंत्राने) कडा गोल करून घ्या. उलट क्रमाने केले की कॉर्नर नीट बसत नाहीत. मग खड्ड्यांत लांबी (पुट्टी) भरा, 120 च्या पॉलिश पेपरने घासा आणि खोलीत अंधार करून टॉर्च आडवी धरा. जे उंचवटे तेव्हा दिसतील ते रेक्झिनवरही दिसणारच.

गोंद सनमायकाचा पांढरा नको, रबराचा हवा, फेविकॉल एसआर 998 सारखा. प्लायवर एक पातळ हात मारून वाळू द्या, कारण लाकूड तो पिते. मग प्लायवर पुन्हा एक आणि कापडावर एक. दहा-पंधरा मिनिटांनी बोटाला चिकटेनासा झाला की जोडा. याची वाफ पेट घेते, त्यामुळे जवळ गॅस, समई, अगरबत्ती काही नको.

हा गोंद एकदा धरला की सोडत नाही. म्हणून एका वेळी एकच बाजू करा आणि मध्ये बटर पेपर ठेवून तो सरकवत सरकवत दाबत जा. सुरुवात तळाच्या मधोमध, म्हणजे सांधा पायांकडे लपेल. पेटीला वळसा घालून आल्यावर दोन्ही टोके दोन-तीन सेंमी एकमेकांवर चढू द्या. चढणाऱ्या भागाला आत्ता गोंद नको. पट्टी धरून नव्या ब्लेडने दोन्ही थर एकदमच कापा, वरचा-खालचा कचरा काढून टाका, मग तिथे गोंद लावून टोके बसवा. मग सांधा इतका लपतो की शोधावा लागतो.

कोपऱ्यांतही हीच युक्ती. समोरची मोकळी कड आत दुमडताना प्रत्येक कोपऱ्यात जास्तीचे रेक्झिन कानासारखे उभे राहते. ते कापून आधीच मोकळे होण्याचा मोह होतो, वहीला कव्हर घालताना होतो तसा. थांबा. दोन्ही बाजू आधी चिकटवा, कान चिमटीत धरून बाहेरच्या कोनापासून आतल्या कोनाकडे 45 अंशात दोन्ही थर एकत्र कापा. काप अगदी टोकापासून सुरू करू नका. गोलाईवरचे तीन-चार मिमी अखंड ठेवा, हेअर ड्रायरने कोमट करा आणि अंगठ्याने ताणून बसवा. चुणी तिथेच पडते आणि तिथेच जिरते. फार तापवलेत तर दाणा सपाट होऊन डाग चकाकतो. एवढे करून राहिलेली चूक कॉर्नरच्या पत्र्याखाली जाते.

हँडल आणि जॅकची भोके आतून टोचून शोधा आणि ब्लेडने फुलीचा छेद द्या. वरून ड्रिल फिरवू नका, बिटात कापडाचा धागा अडकून रेक्झिन पिळवटते.

हे सगळे स्वतः करायचे नसेल तर सीट कव्हर शिवणारा करून देईल, पण त्याला एक गोष्ट बजावून सांगा. सीटला तो रेक्झिन खेचून पिना मारतो. पेटीवर ते ताणायचे नाही, नुसते निजवायचे. ताणलेले पीव्हीसी मे महिन्याच्या उकाड्यात आखडते आणि तळाचा सांधा उघडतो.