‘इमर्जन्सी!’ या जुन्या अमेरिकी टीव्ही मालिकेतला पॅरामेडिक (घटनास्थळीच तातडीचे उपचार करणारा प्रशिक्षित कर्मचारी) जॉनी गेज साधं सलाइन लावायलाही रेडिओवर डॉक्टरांची परवानगी का मागतो?

कारण तेव्हाचा कायदाच तसा होता. गेज लॉस एंजेलिस काउंटीच्या अग्निशमन दलातला दाखवलाय. कॅलिफोर्नियाच्या १९७० सालच्या वेडवर्थ-टाउनसेंड कायद्याने पॅरामेडिकना सलाइन-ग्लुकोज लावायची, ठरावीक इंजेक्शनं द्यायची मुभा दिली, पण अट घातली: रुग्णालयाशी बोलणं चालू हवं किंवा ईसीजी तिकडे दिसायला हवा, आणि आदेश डॉक्टरचा किंवा डॉक्टरने अधिकार दिलेल्या नर्सचा हवा. म्हणून घटनास्थळी पोचलं की ती बायोफोनची (रुग्णालयाशी बोलायच्या रेडिओची) पेटी उघडलीच पाहिजे. गेज नाडी, रक्तदाब, श्वास सांगतो, पलीकडून ‘डी-५-डब्ल्यू’ (म्हणजे ५ टक्के ग्लुकोज) लावायचा आदेश येतो, आणि तो सगळं परत म्हणून दाखवतो. हे नाटकी वाटतं खरं, पण रेडिओच्या खरखरीत औषध किंवा मात्रा चुकीची ऐकू जाऊ नये यासाठी ही रीत खरीच आहे. जानेवारी १९७२ चा पहिला, लांबलचक भाग तर याच कायद्यावर आहे. कायदा मंजूर व्हायचाय आणि खुद्द मालिकेतल्या रुग्णालयाच्या डॉ. ब्रॅकेटचा आधी विरोध असतो. तो भाग जरूर बघा.

फक्त यावरून आजच्या पॅरामेडिकचं काम जोखू नका. अमेरिकेत आता बहुतेक ठिकाणी लेखी प्रोटोकॉल (कधी काय करायचं याचे आधीच ठरवलेले नियम) असतात. सलाइन लावायला किंवा हृदय बंद पडल्यावर शॉक द्यायला सहसा कुणाला विचारावं लागत नाही, डॉक्टरला फोन जातो तो अडलेल्या केससाठी.