सासूबाईंची मिश्री आणि नातवाचे दात

प्रश्न : मुलगा साडेतीन वर्षांचा आहे, वरचे पुढचे चारही दात हिरडीजवळ तपकिरी झालेत आणि एकाचा तर तुकडाच पडलाय. रात्री साखरेच्या दुधाची बाटली तोंडात असल्याशिवाय झोपत नाही. सासूबाई म्हणतात दुधाचे दात आहेत, पडायचेच आहेत, आम्ही राखुंडीनं घासायचो तरी कुणाचे किडले? त्या दिवसातून तीन-चार वेळा मिश्री लावतात आणि आता हा पण त्यांच्या डबीत बोट घालायला बघतो. घरात बोलू कसं? (एक वाचक, कराड)

उत्तर : ताई, आधी डबी उचलून वर ठेवा, आजच. मिश्री म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेला तंबाखू, दुसरं काही नाही. माझ्या आजीची पण अशीच पत्र्याची डबी होती, झाकण दाबून बसवलेलं, आणि उजव्या हाताची तर्जनी कायम काळपट. मिश्री भाजायला घेतली की घरभर ठसका आणि आम्ही पोरं अंगणात पळायचो. ती लावल्याशिवाय तिला सकाळी संडासला पण होत नसे, म्हणजे दात घासणं हे नुसतं नाव होतं, खरी ती तलफ. दात घासायच्या पावडर-पेस्टमध्ये तंबाखू घालायला आपल्याकडे १९९२ पासून बंदी आहे, पण घरी तव्यावर भाजलेल्याला कोण अडवणार.

म्हणून सासूबाईंना 'घाण सवय' असं म्हणू नका प्लीज, व्यसन आहे ते, एका दिवसात सुटत नाही. चार वेळा लावतात तर आधी तीनवर आणा, नातवासमोर लावायची नाही एवढं कबूल करून घ्या, आणि १८००-११-२३५६ या सरकारी टोल फ्री नंबरवर तंबाखू सोडायला मदत मिळते, तिथे तुम्हीच फोन लावून द्या. आणि एकदा उजेडात त्यांचा ओठ ओढून आतून बघा, जिथे मिश्री धरतात तिथे पांढरा किंवा लाल चट्टा असेल किंवा दोन आठवड्यात न भरलेली जखम असेल तर सरळ सरकारी दवाखान्यात दातांच्या डॉक्टरकडे न्या, हे मात्र पुढे ढकलू नका.

राखुंडीचं म्हणाल तर सासूबाईंचं निम्मं खरं आहे. त्यांच्या लहानपणी दात कमी किडत असतील पण ते राखुंडीमुळे नाही, राखेनं उलट दात झिजतात. तेव्हा भाकरी-कालवण दोन वेळा, मधे फार तर शेंगा नाहीतर ऊस, साखर सणावारी. आता पोराच्या हातात सकाळी बिस्किट, दहाला बिस्किट, दुकानात गेलं की चॉकलेट, चहात बुडवून टोस्ट, तोंडाला सुट्टीच नाही. आपण ब्रश आणला खरा, पण त्याच्या आधी साखर घरात शिरली होती.

तुमच्या बाळाचं कारण बाटलीच वाटतंय. झोपेत लाळ कमी सुटते आणि गोड दूध वरच्या दातांवर तसंच बसून राहतं, खालचे दात जिभेखाली झाकलेले म्हणून वाचतात. बाटली एकदम काढली तर रात्रभर रडेल, तेव्हा आधी साखर बंद, मग दर दोन रात्रींनी दुधात पाणी थोडं जास्त, शेवटी नुसतं पाणी, आणि दूध झोपायच्या आधी कपातून देऊन मग ब्रश. फ्लोराइडची पेस्ट वाटाण्याएवढी, घासायचं तुम्ही, त्यानं फक्त थुंकायचं. सात-आठ वर्षांचा होईपर्यंत हे काम आईबाबांचंच आहे. आणि पडायचेच आहेत हे पुढच्या दातांना सहा-सात वर्षांपर्यंत लागू, दाढा तर दहा-बारा वर्षांपर्यंत राहतात, तोवर त्यानं जेवायचं कशानं? डॉक्टरला याच आठवड्यात दाखवा.

प्रश्न : मुलगी सहा वर्षांची, सगळ्यात मागे एक दाढ आलीय आणि तिच्यावर काळी रेघ दिसते. एकही दात पडलेला नाही म्हणजे दुधाचीच असेल ना? (एक बाबा, पुणे)

उत्तर : नाही हो, ती कायमची आहे. साधारण सहाव्या वर्षी ही दाढ दुधाच्या दाढांच्या मागे येते, तिच्यासाठी कुठलाच दात पडत नाही म्हणून बहुतेक घरात अशीच चूक होते. काळी रेघ म्हणजे नुसता डाग पण असू शकतो, पण ते बघून ठरवायचं असतं, आत्ता गेलात तर खाचा बंद करून किंवा छोट्या फिलिंगवर भागेल. दुधाचे दात वीस. दोन्ही जबड्यांतले मोजून बघा, एकविसावा मिळाला की समजा तो कायमचा.