स्पर्धेआधी घोड्याचं औषधपाणी

पहिलीच स्पर्धा ना? मग बंदी असलेल्या औषधांची यादी पाठ करत बसू नकोस. सुरुवातीला एवढंच सांभाळ:

- दिलेलं प्रत्येक औषध वहीत लिही. तारीख, मात्रा, कशासाठी. लंगडतोय म्हणून दिलेलं 'ब्यूट'सुद्धा (म्हणजे फेनिलब्यूटाझोन, दुखणं-सूज कमी करणारं औषध). ते अंगातून कधी उतरेल, हे डॉक्टरांना विचार, अंदाजानं चालू नकोस.
- उरलेला चहा, चॉकलेट घोड्याला नाही. कॅफिन सापडतं.
- सोलापुरात राहून शेंगाचटणी सुटणार नाही, पण हात धुऊनच लगाम धर. हसू नकोस! २००८च्या ऑलिंपिकमध्ये, हाँगकाँगला, चार घोडे कॅप्सायसिनमुळे बाद झाले. मिरचीला तिखट करतं तेच ते.

आणि 'जडीबुटीच आहे' म्हणत कुणी पुडी दिली, तर परत कर. तपासणीत काही निघालं तर आधी स्वाराला धरतात, मोतद्दाराला नाही.