इंग्लंडमधील लाइम रीजिस या किनाऱ्यावरील गावाशी कोणत्या नामवंत व्यक्तींचा संबंध आहे?

डॉर्सेटमधील या छोट्या गावाचे नाव ज्यांनी जगभर नेले, त्यांत पहिला मान निःसंशय मेरी अ‍ॅनिंग (१७९९–१८४७) यांचा आहे. सुताराच्या घरी जन्मलेल्या आणि फारसे शालेय शिक्षण न मिळालेल्या मेरी यांनी वडिलांच्या निधनानंतर समुद्राकाठच्या ढासळत्या कड्यांतून जीवाश्म काढून विकण्यावर गुजराण केली. भावाला इक्थिओसॉर या माशासारख्या दिसणाऱ्या प्राचीन सागरी सरीसृपाची कवटी सापडल्यावर उर्वरित सांगाडा त्यांनी शोधला आणि १८२३ मध्ये प्लेसिओसॉर या लांब मानेच्या प्राचीन सागरी सरीसृपाचा जवळजवळ संपूर्ण सांगाडा उजेडात आणला. त्यांच्या शोधांवर निबंध वाचून अनेक विद्वानांनी नाव कमावले, परंतु लंडनच्या भूविज्ञान संस्थेचे सदस्यत्व स्त्रियांना १९१९ पर्यंत मिळतच नव्हते. गावात त्यांचा पुतळाही उभा राहिला तो थेट २०२२ मध्ये!

टाकून दिलेल्या बालकांसाठी लंडनमध्ये फाउंडलिंग हॉस्पिटल स्थापन करणारे टॉमस कोरम हेही याच गावचे. भारतीय वाचकांना मात्र पक्षिशास्त्रज्ञ जॉन गूल्ड अधिक जवळचे वाटावेत: १८०४ मध्ये येथे जन्मलेल्या गूल्ड यांनी हिमालयातील पक्ष्यांवर सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला, ज्यातील चित्रे शिळाछपाईच्या दगडावर उतरवण्याचे काम त्यांच्या पत्नी एलिझाबेथ यांनी केले होते.