अमेरिकी राष्ट्राध्यक्षांनी व्हेटो (नकाराधिकार) वापरला की इमिग्रेशनचं विधेयक संपतं का?

नाही. दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मतं पडली की व्हेटो निकामी.

साक्षरता चाचणीचंच बघा. १६ वर्षांवरच्या स्थलांतरितानं कुठल्याही एका भाषेतले ३०-४० छापील शब्द वाचून दाखवायचे, नाहीतर आल्या बोटीनं परत. ही अट घालणारं विधेयक राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलँडनी १८९७ मध्ये अडवलं, टाफ्टनी १९१३ मध्ये (सिनेटनं त्यांना झुगारलं, पण प्रतिनिधिगृहात मतं कमी पडली), विल्सननी १९१५ मध्ये. १९१७ मध्ये विल्सननी पुन्हा व्हेटो केला, तेव्हा मात्र काँग्रेसनं (अमेरिकी संसदेनं) तो उलथवलाच. वीस वर्षांचा हट्ट!

आपल्याकडच्या मजुरांना खरा फटका चाचणीचा नव्हताच. त्याच कायद्यातल्या आशियाई बंदी-पट्ट्यात हिंदुस्थान होता. शब्द घडाघडा वाचले तरी दार बंद.